गोळीचा आठवा हिस्सा

“निम्मंच घे रे राजा, औषध कमी तेवढं चांगलं.” लहानपणीच्या तापात ऐकलेला आईचा हा आवाज मनोऱ्यावरच्या घड्याळजीच्या कानात पन्नास वर्षं मुरला होता. म्हणून बायको गेल्यावर डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली, तेव्हा त्यानं ती गुपचूप अर्धी केली.

गोळीनं पेंग आली. पेंग नको म्हणून त्यानं पाव केली. पेंग तशीच! मग केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनं आठवा हिस्सा कापला. गोळीनं भूकही अशी खवळली की खालच्या कचेरीतला नगराध्यक्षांचा डबा त्यानं फस्त करून, झाकण चाटून परत ठेवला.

मंगळवारी कहरच झाला. मोठा काटा सरळ करताकरता तो त्याच्यावरच रेलून झोपला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली ती झालीच. गाव घड्याळावर चालणारं. न्हाव्यानं एकाच गिऱ्हाइकाची दाढी चारदा केली. शाळेत इतिहासाचा तास संपेना, एक राजा तिसऱ्यांदा मेला. कारकून भुकेनं कासावीस झाले, पण घड्याळ चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नगराध्यक्ष धापा टाकत वर आले. “किल्ली द्या. उद्यापासून दुसरा माणूस.”

घड्याळजीनं किल्ली छातीशी धरली. हे कामही गेलं तर उठायचं कशासाठी?

मागोमाग त्याची ताई आली. तिचं खाली औषधाचं दुकान. करवतीवरची पांढरी भुकटी तिनं बोटावर घेतली.

“अरे शहाण्या, गोळ्या कापतोस?”

“पेंग कमी व्हावी म्हणून.”

“उलटं आहे ते! थोड्या मात्रेत ही गोळी नुसती झोपवते. पुरेशी घेतली की मेंदूतलं जागवणारं रसायनही कामाला लागतं, मग पुष्कळांची पेंग ओसरते. अर्धं चाक बसवतोस का कधी घड्याळात?”

“आणि भूक?” नगराध्यक्षांनी काळजीनं विचारलं.

“ती राहील. डबा कुलपात ठेवा.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “महिनाभर बघतो. पुन्हा झोपलात तर किल्ली द्यायची.” ते जिना उतरले.

“आता डॉक्टरांकडे चल,” ताई म्हणाली. “सगळं खरं सांगायचं. आणखी काय लपवलंयस?”

तो दातेरी चाक पुसू लागला.

“घरी कसं वाटतं, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, छान.” त्याचा हात थांबला. “सहा महिने मी घरी गेलोच नाहीये गं. इथंच झोपतो. तिथं ती नसते. मला तुझ्याकडे ने, ताई.”