जर्मनची ट्रॉली

वर्कशॉपच्या दारात दोन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि रावजीने आल्याआल्या लोखंडाच्या ट्रॉलीवर हात ठेवला. बैल पारखावा तसा त्याने तिचा दांडा हलवून पाहिला, चाकाला लाथ घातली आणि आता बघायचं काय राहिलं, अशा तोऱ्यात बायकोकडे वळला.

चिमाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वरच्या सड्यावरचं, कातळाच्या पठारावरचं गवत डोक्यावरून खाली आणता आणता तिच्या मानेची वाट लागली होती. डॉक्टरने बजावलं होतं, यापुढे डोक्यावर काडीही नको. मुंबईतला मुलगा म्हणत होता, मग गुरं विकून टाका. तीन गुरं होती, पण ती गेल्यावर सकाळी उठून हाक कुणाला मारायची, हे मुलाला कोण सांगणार? भावकीचा टिलर होता, नांगरणीचं छोटं यंत्र. त्याला ट्रॉली जोडून गवत घाटी उतरलं तर गुरं राहणार होती, नाहीतर दावी रिकामी.

दुसरी ट्रॉली ॲल्युमिनियमची होती. मजीदने बहरीनच्या गोदीतून परत आल्यावर मिरकरवाडा बंदराच्या मागे हे वर्कशॉप टाकलं होतं. एरवी तो मच्छीवाल्यांच्या पेट्या बनवायचा.

"हे तर जर्मन!" रावजी हसला. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनच म्हणतात. "ह्याच्यात भात शिजवतात बाबा, गवात नाय वाहत."

"वहिनी, जरा कोपरा उचला," मजीद म्हणाला.

चिमाने भीतभीतच दोन्ही हात लावले आणि ट्रॉलीचा कोपरा सुपासारखा वर आला. ती दचकली. तिने तो खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, या खेपेला एका हाताने. एवढी लांबरुंद वस्तू आणि अंगात भार म्हणून नाही! तिला हसू फुटलं.

मजीदने तिच्या हातात काळी काच दिली आणि ॲल्युमिनियमची एक पट्टी वेल्डिंगने जोडून दाखवली. काचेतून ती श्वास रोखून बघत राहिली. ठिणग्या नाहीत, लाली नाही. पांढरी पट्टी पांढरीच होती आणि बघता बघता तिच्यावर वितळलेल्या धातूचा पाण्यासारखा थेंब उभा राहिला.

"लोखंड तापला की लाल होऊन सांगतो तरी," मजीद म्हणाला. "हा काय सांगत नाय, एकदम पाणी. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो दादा. लोखंडाची मोडली तर गावात कोण पण जोडील. ही मोडली तर माझ्याकडंच आणायची. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंड सडतो, हिला काय होत नाय."

"मोडलीच तर?" रावजीने बायकोला विचारलं. "ऐन गवताच्या दिवसात मोडली तर काय करशील?"

"आणि ती लोखंडाची?" चिमा म्हणाली. "चढताना टिलर वढील तिला. पण गवात खाली आणायचा हाय आपल्याला. उतारावर भार मागनं ढकलतो. त्या जडशीळ धुडानं घाटीत टिलर ढकलला म्हंजे? मना ही हवी."

रावजीचं तोंड उतरलं. तरी त्याने तीच ट्रॉली टेम्पोत घालून गावी आणली.

पहिली खेप भरली त्या दिवशी सड्यावर वारा पिसाळला होता. भारे रचून दोरखंड आवळला, तरी ती हलकी ट्रॉली जागच्या जागी डुलू लागली. रावजीला तर हेच हवं होतं.

"बघ तुझा जर्मन! चल, वर बस आता. वजन नको काय? नायतर गवात उडून जायल केळशीला!"

चिमा गवताच्या ढिगावर चढली आणि दोर गच्च धरून बसली. देवाचं नाव घेत तिने डोळे मिटले. टिलर फुरफुरला, घाटीला लागला. ट्रॉली मुकाट्याने मागून येत होती, ढकलत नव्हती. तिसऱ्या वळणावर चिमाने डोळे उघडले.

"अवो, थांबवा! थांबवा!"

रावजीने घाबरून ब्रेक मारला. "काय मोडला?"

"काय नाय मोडला."

खाली गाव होतं. झाडीत तिच्या घराचं कौलारू छप्पर होतं, काडेपेटीएवढं. पुढे खाडी वळत वळत गेली होती, आणि तिच्या टोकाला समुद्र होता, सगळाच्या सगळा, उन्हाने पेटलेला. चिमाच्या अंगावर काटा आला. लग्न होऊन आल्यापासून ती या वाटेने उतरत होती. चढताना समुद्र पाठीशी असायचा आणि उतरताना भारा कपाळावरून डोळ्यांवर यायचा. तिला दिसायची ती फक्त स्वतःची पावलं.

"हा हितंच होता?" तिने विचारलं.

"कुठं जाणार?" रावजी म्हणाला. "हितंच होता की."

तो कोयती हातात घेऊन, मोकळ्या मानेने तिच्या पुढे चालायचा.

"मग सांगितलात का नाय कधी?"

रावजीने समुद्राकडे पाहिलं, मग वर तिच्याकडे.

"मना वाटायचा," तो हळूच म्हणाला, "तुला दिसता."

 चिमाचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला दोरावरचा हात सोडायची तिची तयारी नव्हती. रावजीने टिलर बंद केला, चाकाला दगड लावला आणि तिचं बघून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.