आडवा पाडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. टेबल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सध्या माझ्यावर काच घालून चहाचे कप मांडतात आणि येणारे-जाणारे मला टेबलच समजतात.

मी आदिलाबादच्या सागाचा. हैदराबादेहून चेवेल्ल्याच्या वाटेवर एक गाव लागतं. तिथल्या शेतातल्या दगडी घराला मला दक्षिणेकडून बसवलं. दोन कवाडं, पितळी कडी, आणि समोर मोगऱ्याचा मळा.

त्या घरात जयवंता राहते. भावाचं कुटुंब हैदराबाद शहरात तारनाक्याला राहायला गेलं, पण ती मळा सोडून हलली नाही. फुलं तोडायला ती माझ्यातूनच जायची आणि परडी कमरेवर धरून, पायाने मला ढकलून आत यायची. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. उन्हाळ्यात दिवस कलला की मला सताड उघडं टाकायची आणि घरभर वारा खेळायचा. गावातल्या बायका उंबऱ्यावर बसून गजरे ओवायच्या आणि म्हणायच्या, दार असावं तर असं. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग तिचा भाचा विकास आणि त्याची बायको हर्षदा यांनी घर वाढवायला काढलं. हर्षदा घरांचे नकाशे करते. सुट्टीत येऊन राहायला उत्तरेला नव्या खोल्या आणि काचेचा मोठा हॉल तिने आखला. नकाशा चांगला होता. त्यात मी माझ्या जागेवर होतो. पण आमच्याकडे वास्तुवाल्याला विचारल्याशिवाय वीटसुद्धा हलत नाही. तो आला, तळहातावर होकायंत्र धरलं, माझ्याकडे बघून चुकचुकला आणि दक्षिणेचं दार विकासच्या राशीला वाईट म्हणून मोकळा झाला. इतकी वर्षं ज्या दारातून मोगरा आत आला, ते एका सुईने अशुभ ठरवलं! अजून आठवलं की माझ्या बिजागऱ्या तापतात.

जयवंता म्हणाली, "मी कायकू वळसा घालू रे? रोजचं दार हाय माझं."

"आत्या, उत्तरेला नवं मेन डोअर होणार आहे ना. थोडं अ‍ॅडजस्ट कर," विकास म्हणाला.

माझी जागा विटा लावून लिंपली. मी सरपणात जायचो, पण हर्षदाने मला वाचवलं म्हणे. मोठे उपकार! एक कवाड आरसा लावून न्हाणीघरात टांगलं. दुसऱ्याला पाय ठोकून हॉलमध्ये आडवं पाडलं, तो मी. माणसाला असं आडवं कधी ठेवतात, ते तुम्हाला सांगायला नको. कडी तेवढी काचेबाहेर शोभेला ठेवली.

नव्या दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. ते आपोआप लागतं. मे महिन्यातल्या एका दुपारी जयवंता मोगऱ्याला पाणी सोडायला गेली आणि मागे दार लागलं. फोन आत, आकडे आठवेनात. ती उन्हातून वळसा घालून माझ्या जुन्या जागेपाशी आली आणि लिंपलेल्या भिंतीवर हात मारत राहिली. मी आत पडून ऐकत होतो. मला उघडणं एवढंच येतं आणि तेच करता येईना. संध्याकाळी शेजारणीने विकासला फोन लावून आकडे विचारले, तेव्हा ती घरात आली.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. माझ्यावर हात फिरवून, काय अँटिक पीस आहे, म्हणाले. विकासने कुलपाची गोष्ट गंमत म्हणून सांगितली आणि सगळे हसले. तेवढ्यात जयवंता परडी घेऊन आली. वाकली, माझी कडी उचलली आणि जोरात वाजवली. हसणं थांबलं.

"विकास, माझ्याच घरात कडी वाजवून येऊ का आता?"

"आत्या, ते वास्तूचं..."

"वास्तूला इचारलंस. मला इचारलंस का?"

तिने चिखलाची ओली परडी माझ्या काचेवर ठेवली आणि ती मळ्यात निघून गेली. हर्षदा मान वर करून दक्षिणेच्या भिंतीकडे बघत राहिली. परडी उचलायची कुणाची हिंमत झाली नाही.

मित्रांनो, घरं वाढवा, काचा लावा, माझी ना नाही. पण जुन्याला जपायचं म्हणजे त्याचं काम काढून घेऊन त्याला पुसत बसायचं नसतं. आधी विचारा, या दारातून कोण येतं-जातं?

मला पॉलिश नको. ती भिंत फोडा आणि मला उभा करा.