एकाच पुलाची नऊ वेळा पाहणी

“ही ओळ तुमच्याच हातची ना, मामा?” मंत्रीबाईंच्या खाजगी सचिवांनी गाडीचं लॉगबुक फिरवून ड्रायव्हर मामांपुढे सरकवलं.

मामांनी चष्मा लावला. खरं तर गरज नव्हती. बत्तीस वर्षं तेच लिहिणाऱ्याला आपलं अक्षर लांबूनही ओळखू येतं. ‘पूल, वीस मिनिटं. इस्पितळ, चार तास.’

“माझीच.”

“इस्पितळ कशाला लिहिलंत? कुणी विचारलं होतं?”

“गाडी जिथं थांबते ते लिहायचं, साहेब. नोकरीला लागलो तेव्हा तेवढंच शिकवलं होतं.”

सचिवांनी कपाळाला हात लावला. समोर सकाळचं वर्तमानपत्र पडलं होतं. बांधकाम खात्याच्या मंत्रीबाईंनी दोन महिन्यांत एकाच गावच्या एकाच पुलाची नऊ वेळा पाहणी केली, अशी बातमी होती आणि तिच्यात खोटं काही नव्हतं. कँटीनमध्ये एव्हाना चेष्टा सुरू झाली होती, की एवढी नजर लागल्यावर तो पूल काही आता टिकत नाही.

पुलापासून दहा मिनिटांवर इस्पितळ होतं. तिथे मॅडमचे वडील अंथरुणाला खिळून होते. सचिवांना हे ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं; वर्तमानपत्राला अजून कळायचं होतं.

सचिवांनी ड्रॉवरमधून कोरं लॉगबुक काढलं. “जुनं समोर ठेवा आणि दोन महिने यात नव्यानं उतरवा. इस्पितळाच्या जागी ‘विश्रामगृह, बैठक’ लिहा. झालं की दोन्ही मला आणून द्या. परवा चौकशी आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “निवृत्तीला अकरा महिने राहिलेत ना तुमचे? आणि हे बघा, माझ्यासाठी नका करू. मॅडमसाठी करा.”

धमकीचं मामांना फारसं वाटलं नाही. शेवटचं वाक्य मात्र वर्मी लागलं.

आजवर त्यांनी सात मंत्री फिरवले होते. त्यातल्या बहुतेकांनी त्यांची फक्त पाठ पाहिली होती. मॅडम मात्र लांबच्या दौऱ्यात गाडी बाजूला घ्यायला लावून आधी त्यांना जेवायला पाठवायच्या. इस्पितळात एकदा त्यांनी मामांना वर बोलावलं, तर म्हाताऱ्याने मामांचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, “आलास? किती उशीर केलास.” कुणाला समजला होता कोण जाणे. तेव्हापासून दर खेपेला मामा पाच मिनिटं वर जाऊन “आलो हं” म्हणून यायचे.

संध्याकाळी घरी त्यांनी दोन्ही वह्या पुढ्यात घेतल्या. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“मगाचपासून काय चाललंय तुमचं?” बायकोने ओट्यापाशी भांडी आवरता आवरता विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. हातातलं पातेलं तसंच धरून ती ऐकत राहिली.

“तुम्ही लिहिलंत तर त्या सुटतील?”

“सुटतील बहुतेक.”

“आणि असं सुटायचंय का, हे त्यांना विचारलंय कुणी?”

मामांनी टोपण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम गाडीत बसल्या. सचिव मागच्या गाडीत होते. पहिल्या सिग्नलला मामांनी घसा खाकरला.

“मॅडम, मला नवं लॉगबुक दिलंय. इस्पितळ गाळून पुन्हा लिहायला सांगितलंय.”

“कुणी?”

मामांनी आरशातून मागच्या गाडीकडे पाहिलं. त्यातच मॅडमना उत्तर मिळालं.

सिग्नल सुटला. “पहिल्या खेपेला पुलाचं खरंच काम होतं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या खेपेलाही होतं थोडंफार. मग मी काम काढत गेले. सरळ रजा टाकून, आपल्या पैशानं जायला हवं होतं. वेळ नाही, वेळ नाही, करत राहिले.”

“वडील आजारी, मॅडम. कुणीही गेलं असतं.”

“कुणाच्याही दारात सरकारी गाडी नसते, मामा.” आणि मग, “तुम्ही लिहिलंय तेच राहू द्या.”

चौकशीच्या खोलीत मागच्या बाकांवर वार्ताहर दाटीने बसले होते. मामांनी जुनं लॉगबुक अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. अधिकाऱ्यांनी पानं चाळली.

“चार-चार तास मंत्री तिथं काय करत होत्या?”

मामांना वाटलं, एवढं सांगितलं की लोकांना कळेल. “वडिलांना भरवत होत्या, साहेब. त्यांची नखं कापत होत्या. मी पाहिलंय.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सकाळी पहिल्याच पानावर मथळा होता: ‘सरकारी गाडी, वडिलांची नखं’. खाली व्यंगचित्र, पुलावर नेलकटर घेऊन उभी असलेली बाई. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून मामांनी तो अंक गादीखाली सरकवला. पण शेजारणीने तिला तो आधीच दाखवला होता. दुपारी मॅडमनी राजीनामा दिला. मामा बंगल्यावर पोचले तोवर त्या निघूनही गेल्या होत्या.

सचिव त्याच खुर्चीत राहिले, फक्त मंत्री बदलले. मामांची बदली पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या व्हॅनवर झाली. नमुन्यांच्या बाटल्या गोळा करायच्या, आणून द्यायच्या. काम हलकं होतं. पण ते हसणं मामांच्या कानातून जाईना. आपण नखांचं कशाला बोललो, असं अंघोळ करता करतासुद्धा त्यांच्या मनात यायचं.

चार महिन्यांनी ते शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाटल्या घ्यायला गेले, तेव्हा फाटकाशी मॅडम उभ्या दिसल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात घडी केलेला वॉकर. टॅक्सी शोधत होत्या.

“मामा,” त्यांनीच आधी हाक मारली.

“वडिलांना इकडे आणलंत?”

“महिना झाला. आज पहाटे गेले.” त्यांचा आवाज स्थिर होता. “भाऊ आहे आत, कागदपत्रं करतोय. मी सामान घेऊन पुढं निघालेय.”

मामांनी त्यांच्या हातातला वॉकर घेतला. चार महिने मनात राहिलेलं तेच तोंडून निघालं. “मॅडम, ते नखांचं मी बोलायला नको होतं.”

“का?” त्या म्हणाल्या. “त्या दोन महिन्यांत तेवढंच तर मी धड केलं.”

मामांनी मान वळवून आपल्या व्हॅनकडे पाहिलं. दारावर खात्याचं नाव ठळक अक्षरात रंगवलेलं होतं. मॅडमनीही ते वाचलं. सोडतो, असं मामा म्हणाले नाहीत, आणि सोडा, असं त्याही म्हणाल्या नाहीत.

मामा रस्त्यावर उतरले आणि दोन टॅक्सी भरलेल्या गेल्यावर त्यांनी तिसरी थांबवली. वॉकर मागे नीट आडवा ठेवला, पिशवी सीटवर ठेवली आणि मॅडम बसेपर्यंत दार धरून उभे राहिले. मग हलकेच ते लावलं.

टॅक्सीवाल्याने पुढचं दार आतून उघडलं. “काका, तुम्ही इथं बसताय ना?”

“नाही,” मामा म्हणाले. “मी ड्युटीवर आहे.”