निवायला ठेवलेली नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे थंडोबा म्हणत, कारण कुठलीही नळी ती मुंगीच्या पावलांनीच निववायची. प्रयोगशाळेचे प्रमुख तिचे सख्खे मामा; घरी मामा, इथे सर.

त्या दुपारी पाहुणे यायचे होते. प्रयोगशाळा चालू ठेवायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. आणि थंडोबाची नळी अजून ऊब हळूहळू उतरवणाऱ्या यंत्रात, कोमटच.

"काढ ती आणि घाल बर्फात," मामा म्हणाले. "जांभळट काहीतरी तळाशी बसेल. दाखवायला तेवढं पुरे."

"गाळ बसेल, सर. स्फटिक नाही."

नळीत सोन्याचे कण होते, डोळ्यांना न दिसणारे. प्रत्येक कणावर डीएनएचे आखूड धागे, अंगावर काटा आल्यासारखे उभे. निम्म्या कणांवर एका तऱ्हेचे, उरलेल्यांवर त्यांच्या जोडीचे. ऊब असली की धागे सुटे राहतात. गारवा आला की जोडीचे धागे एकमेकांना धरतात. पण एकदम गार केलं, तर संगीत खुर्चीत गाणं थांबल्यावर मुलं जशी दिसेल त्या खुर्चीवर पडतात, तसे कण सापडेल तिथे चिकटतात. नुसता गोळा! सावकाश निववलं, तर चुकीच्या जागी बसलेला कण सुटतो, सरकतो, आपली जागा शोधतो. मग रांगा लागतात आणि त्या रांगांतून बारा सपाट बाजूंचा स्फटिक उभा राहतो.

मामांनी झाकणाकडे हात नेला. ती मध्ये उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होणार. हवं तर मलाच बर्फात घाला."

"थंडोबाला बर्फाचं काय कौतुक!" पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी फिसकन हसलं.

मामांनी आवाज खाली आणला. "ताईला सांगू?"

"सांगा की! हा हट्ट आईकडूनच आलाय. तुमची मोठी बहीण आहे, तुम्हाला काय नवीन?"

मामांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "पाहुण्यांना तोंड तूच दे."

तिने दिलं. "आज दाखवायला काही नाही. घाई केली असती, तर गाळालाच स्फटिक म्हणावं लागलं असतं."

"मग आम्ही आलो कशाला?" एका पाहुण्याने घड्याळ बघत विचारलं.

"दाखवायला का नाही, हे ऐकायला," ती म्हणाली, आणि तिने सगळं समजावून सांगितलं. पाहुणे कसलाही शब्द न देता गेले. मामा तिच्याशी बोलेनात.

नळी पूर्ण निवल्यावर तिने थेंबभर ऐवज सुकवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर बरेच तुकडे मोडके, काही एकमेकांत रुतलेले. पण मधूनमधून अख्खे स्फटिक, पैलू पाडल्यासारखे. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. बराच वेळ बाजू मोजत राहिले.

"फोन लावतो त्यांना," ते उठत म्हणाले.

"नको. एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही. पुन्हा जमू दे, मग बोलवा."

"आणि तोवर त्यांनी टाळं ठोकलं तर?"

"ठोकेपर्यंत यंत्र माझं," थंडोबा म्हणाली, आणि तिने दुसरी नळी तापायला ठेवली.