उत्तरेच्या खिडकीचा नेम

मी न्यूझीलंडातल्या पापाकुरा गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्याची मागची खिडकी बोलतेय. फार वर्षांपूर्वी मी एक नेम केला होता. तेव्हा माझ्यापुढे दगडी मोरी होती आणि ॲग्नेस नावाची मुलगी तिथे दिवसभर भांडी घासायची. हिवाळ्यात लाल झालेली बोटं ती माझ्या उन्हात धरायची. तेव्हाच मी ठरवलं, समोर मालकीण असो की मोलकरीण, आलेलं ऊन आपण पुरतं आत सोडायचं.

आता ऊन माझ्याच वाट्याला कसं, तर ती एक गंमतच आहे. आमच्या घराचा नकाशा इंग्लंडात बसून काढलेला. विटांची उंच धुराडी, दगडी कमानीचं दार, रुंद लाकडी जिना, सगळं तिकडच्या बड्या लोकांच्या गावाकडच्या घरांसारखं. तिकडे ऊन दक्षिणेचं, म्हणून बैठकीची थोरली खिडकी दक्षिणेला, आणि मोरी उत्तरेला, सावलीत. पण न्यूझीलंडात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! नकाशा काढणारा इकडे कधी आलाच नाही. झालं, मालक बैठकीत शाली पांघरून बसले आणि ऊन मोरीत नांदलं.

माझी चौकट कौरी नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाची, अजून खणखणीत आहे. थोरलीला रंगीत काचा, तिचे फोटो काढायला लोक येतात. मला तिचा हेवा नाही हो. मात्र मधल्या एका भाडेकरूनं माझ्यापुढे उंच कपाट उभं केलं, तेव्हा जीव कासावीस झाला. तरी फटीतून उन्हाची एक रेघ मी आत सोडतच राहिले. नेम तो नेम.

यंदा इथे अनिरुद्ध आणि मेधा राहायला आले. तो फार्मसीत, ती हॉस्पिटलात नर्स. मेधाला दिवस गेलेले, म्हणून आषाढात पुण्याहून अनिरुद्धच्या आई आल्या, शकुंतलाबाई. त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. तुळशीच्या लग्नापर्यंत रोज तुळशीला पाणी आणि दिवा, बाळबाळंतीण सुखरूप राहू देत म्हणून. ओळखीच्या श्यामलाताईंनी रोप दिलं. शकुंतलाबाईंनी कुंडी ठेवली थोरल्या खिडकीत. "आपल्याकडे थंडीत दक्षिणेच्याच खिडकीत ऊन येतं," म्हणाल्या.

तुळस काळवंडत गेली, पानं गळाली. शकुंतलाबाई रोज दिवा लावताना गळलेली पानं मोजायच्या. मेधाचे दिवस भरत आले होते.

एके दिवशी वाती वळायला त्या मागे येऊन बसल्या आणि माझी रेघ त्यांच्या मांडीवर पडली.

"अगबाई, ऊन! अनिरुद्ध, हे कपाट हलव आधी."

"आई, मला निघायचंय गं."

"मग हलवून नीघ."

मेधा दारात हसत उभी. "आई, अहो सूर्य इथे उत्तरेकडून जातो. माझ्याही डोक्यात आलं नाही बघा!"

"मग ती एवढी थोरली खिडकी तिकडे कुणी काढली?"

"इंग्लंडातल्या आर्किटेक्टनं."

"त्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं वाटतं? वाळवण कुठे घालायचं, हे तिनं पहिलं विचारलं असतं!" मग वाती गोळा करत म्हणाल्या, "मी तरी कुठे विचारलं म्हणा."

कपाट सरकलं. कुंडी माझ्यापुढे आली. मी होतं नव्हतं तेवढं ऊन ओतलं. बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी खोडाशी हिरवा ठिपका दिसला. शकुंतलाबाईंनी तो पाहून हात जोडले, आणि तेवढ्यात मेधाची हाक आली, "आई, कळा येतायत." दिवा लावूनच त्या गाडीत बसल्या.

नात झाली. दोघी सुखरूप.

आता तुळशीचं लग्न उद्यावर आलंय. ऊस मिळाला नाही, म्हणून अनिरुद्धनं बागेतला बांबू आणून उभा केलाय. तुळशीला मंजिऱ्या आल्यात, आणि तिच्या शेजारी सकाळच्या कोवळ्या उन्हात तेल लावलेली ती चिमुरडी पाय झाडतेय. समोरून थोरलीचे फोटो निघतायत. निघू देत बापडीचे.

तुमच्याही घरात कपाटाआड माझी एखादी बहीण असेल. ते कपाट आज सरकवाल ना? आणि माझ्यासारखा एक नेम धरा. आलेलं ऊन अडवायचं नाही, ते कुणावर पडतंय हे विचारायचं नाही.