पोकळीची पकड

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. केजला बसवेश्वरअण्णांचं फरशीचं दुकान आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये क्रेनच्या साखळीला मी टांगलेलं असतं. ग्रॅनाइटच्या जड लाद्या उचलणं हे माझं काम. मला ना बोटं, ना आकडे. ताटाएवढे चार रबरी कप तेवढे आहेत. ते लादीला टेकले की माझा पंप मधली हवा ओढून घेतो आणि लादी मला घट्ट चिकटते. आत काही नसणं, हीच माझी पकड. मलाच कधीकधी ते स्वप्नासारखं वाटतं.

मी येण्याआधी लाद्या माणसांच्या खांद्यावरून जात. एकदा सुग्रीव नावाच्या हमालाचा पाय लादीखाली सापडला. त्या दिवशी अण्णांची आई, नीलाबाई, जेवल्या नाहीत. “दगुड वाहून माणसं लंगडी करायची का रं?” त्या म्हणाल्या आणि अण्णांना मला आणावंच लागलं. दारात उतरताच नीलाबाईंनी माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. मला कपाळ नाही, पण त्यांना ते दिसलं!

मला चालवायला शिकली ती अण्णांची बायको, ईश्वरी. तिची एक रीत होती. ओल्या फडक्यानं माझे कप पुसायचे, कडेवरून बोट फिरवून कुठं चीर पडलीय का पाहायचं. माझी ओढ दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आला की लादी जरा उचलून थांबायचं. मग “सरा बाजूला!” अशी हाक घालायची आणि मगच मला पुढं न्यायचं. मी संथ तरंगत निघे. घोटीव काळ्या लादीत ढग उतरत, पारवे उडून जात. मी दगड नव्हे, आभाळाचाच एक तुकडा घेऊन चाललंय, असं मला वाटे. तेलगावपर्यंतची माणसं मला बघायला येत. नीलाबाई बाजेवर बसून त्यांना चहा पाजत आणि माझं कौतुक सांगत.

मग एका श्रावणात त्या गेल्या. घाटनांदूरजवळच्या शेतात त्यांची समाधी बांधायचं ठरलं. अण्णांनी स्वतः एक काळी लादी निवडली. दुपारी दुकान निवांत असलं की ते तिच्यापाशी बसत आणि हळूहळू खोबरेल चोळत. आईच्या डोक्याला चोळावं तसं. ईश्वरीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

लादी न्यायच्या दिवशी तिनं विचारलं, “लादी पुसली का?”

“पुसली की. आरशावाणी झालीया,” अण्णा म्हणाले.

काटा हिरव्यात होता. लादी उभी धरून मी निघालं. टेम्पोपाशी पोचता पोचता ईश्वरीला वास आला.

“अहो, तेल लावलंत का हिला?”

अण्णा उत्तर देणार, तोच लादी माझ्या कपांवरून खाली सरकू लागली. हवा कुठंच शिरली नव्हती, माझी ओढही कमी झाली नव्हती. पण तेलावर माझं रबर टिकेना. ईश्वरी बटण दाबून मला खाली आणू लागली. तेवढ्यात अण्णा धावले आणि दोन्ही हात लादीखाली घालून उभे राहिले.

“मागं सरा!”

“आईची हाय ही!”

“मला तुमी पाहिजे! सोडा म्हणते न्हवं!”

ती इतक्या जोरात कधीच ओरडली नव्हती. अण्णांनी हात काढले, दोन पावलं मागं गेले. त्याच क्षणी लादी निसटली. जमिनीवर आदळून तिचे दोन तुकडे झाले. माझे रिकामे कप सुस्कारा टाकत राहिले.

अण्णा मटकन खाली बसले. ईश्वरी त्यांच्यापाशी बसली. त्यांचे तेलकट हात तिनं पदरानं पुसले, एकेक बोट करून. आई गेल्यापासून अण्णा रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

मग त्यांनी स्वतःच दोन्ही तुकडे साबणानं धुतले, कोरडे केले. ईश्वरीनं वास घेऊन पाहिला आणि मला परत कामाला लावलं. पुढचं मी टेम्पोवाल्या आप्पांच्या तोंडून ऐकलं. समाधीपाशी कुणीतरी विचारलं, “तुटकी लादी का म्हून बसवता?” अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आईला चालती.” आणि मधल्या सांध्यावर त्यांनी हात ठेवला.

आता माझं रबर कडक होत चाललंय, पंप धापा टाकतो. काम नसलं की माझ्यावर धूळ साचते आणि मी डुलक्या घेतं. ईश्वरी मात्र अजून माझ्या कडेवरून बोट फिरवते. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रावर माया करा, पण डोळे झाकून विश्वास टाकू नका. आम्हाला पुसा, आमचा आवाज ऐका. आम्ही ओझं घेऊन निघालो की आमच्या सावलीतून दूर व्हा. आणि कधी आमच्या पकडीतून काही निसटलंच, तर ते झेलायला धावू नका. पडू द्या. खाणीत दगड पुष्कळ आहेत.