आलं कुटणाऱ्या खलबत्त्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना खलबत्ता आहे, काळ्या दगडाचा. मला घडवायला पाथरवटाला सहा दिवस लागले आणि सहाही दिवस तो माझ्या नावाने बोटं मोडत होता. दगड फार चिवट निघाला म्हणे. चिवट होतोच मी, म्हणून तर आजही धड आहे. माझा बत्ता मात्र उतावळा. त्याचं आणि माझं आयुष्यभर ठोकाठोकीचंच नातं.

मला विकत घेतलं आत्याने. तिने भावाच्या मुलीला लहानपणापासून आपल्याजवळ ठेवून शिकवलं. ती भाची पुढे संशोधक झाली. आल्याला तिखटपणा देणारा जिंजरॉल नावाचा पदार्थ सूज कमी करतो का, कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो का, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. पण तिथलं वाटायचं यंत्र दोन मिनिटांत तापायचं. आलं तापलं की जिंजरॉलचा दुसराच पदार्थ व्हायला लागतो, मग मोजायचं काय? भाची वैतागली आणि एका सकाळी मला पिशवीत घालून घेऊन गेली.

"आज खलबत्ता आणलास, उद्या पाटा-वरवंटा आण," तिचा एक सहकारी म्हणाला. तेव्हापासून तिचं नावच आलेबाई पडलं. पण मला थंड कपाटात ठेवून, हळूहळू कुटून काढलेला अर्क चांगला निघाला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. माझ्यावर नंबराची चिठ्ठी लागली. मला मऊ कापडाने पुसू लागले. खोटं कशाला बोलू, मला शिंगं फुटली होती.

त्याच वर्षी आत्याच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरबाईंनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, जेवण जायचं नाही. एके दिवशी काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी अर्काने मेलेल्या दिसल्या. भाचीने धावत जाऊन फोन लावला. "आत्या, पेशी मेल्या गं. तुझ्या खलबत्त्यातल्या आल्याने मेल्या." मी तिथेच टेबलावर होतो. तिने तेवढंच सांगितलं आणि कामाला लागली.

पुढे प्रयोगशाळेत न तापणारं यंत्र आलं. मी फळीवर गेलो आणि धूळ खात पडलो. दोन महिन्यांनी भाचीने मला आत्याकडे परत पोचवलं. आत्याने मला तीनदा धुतलं, पण ती चिठ्ठी काही काढली नाही. ज्या भांड्यात औषध तयार झालं तेच आता आपल्या घरात आहे, असं तिने मनाशी पक्कं धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ माझ्यात आलं कुटून त्याचा रस पिऊ लागली. आणि गोळ्या? त्या एका रिकाम्या डब्यात जाऊ लागल्या.

मी सगळं पाहत होतो. डबा भरत चालला होता आणि आत्या खुश होती, कारण मळमळ थांबली होती. भाची प्रयोगांच्या गडबडीत तीन आठवडे आली नाही. मला रोज वाटायचं, आज तरी येईल.

ती आली तेव्हा आत्या आलंच कुटत होती. "एवढं आलं कशाला गं?" भाचीने विचारलं. आत्याने अभिमानाने डबा पुढे केला. "बघ, एकही घेतली नाही. तुझं औषध लागू पडलंय."

भाचीने डबा हातात घेतला. "आत्या, त्या पेशी बशीत होत्या. बशीत अर्क थेट पेशींवर ओततात. तू प्यालेल्या रसातला किती त्या गाठीपर्यंत पोचतो, पोचला तरी काही करतो का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. मलासुद्धा नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" आत्याने शांतपणे विचारलं. भाची रडू लागली. मग आत्यानेच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच दुपारी दोघी डॉक्टरबाईंकडे गेल्या. गाठ थोडी वाढली होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, मळमळीवर वेगळं औषध दिलं आणि चहापुरतं आलं चालेल म्हणाल्या. उपचार चार महिने लांबले. आता गाठ लहान होते आहे, पण तपासण्या अजून संपलेल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मला नाही जपलं तरी चालेल. घरात कुणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा. गोळ्या घेतल्यास का, विचारा. औषधाबद्दल काही ऐकलं असेल तर त्यातलं अजून काय ठाऊक नाही, तेही सांगा. एकवीस दिवस मी सगळं बघत होतो आणि गप्प होतो. मी दगड आहे. तुम्ही नाही.